काहिलीला काय कळतंय

म्हस्कूनं तीस वर्षं गुऱ्हाळावर जाळ घातला. वर काहिलीत रस ढवळणारे दुसरे. म्हस्कूची नजर खाली, चुलवाणाच्या तोंडात. जाळ उसाच्या चिपाडाचा, तेबी दोन उन्हं खाल्लेल्या.

"वल्लं चिपाड घातलं की जाळ आदी त्याच्यातलंच पाणी उकळीत बसतो," तो नव्या गड्यांना सांगायचा. "रसाला काय उरंल मग? ऊब कुठं हरवत न्हाय. दुसऱ्याच्याच पोटात जाती."

औंदा मालकानं, विजयसिंहानं, वाळवायची कटकट नको म्हणून चिपाड विकलं आन् जुन्या चपला-बुटांचा ट्रक आणून वतला.

"मालक, ह्ये जाळायचं?"

"एका बुटात पाटीभर चिपाडाचा जाळ हाय, म्हस्कूतात्या. जाळ तो जाळ. काहिलीला काय कळतंय?"

हे खोटं नव्हतं. बूट टाकला की रस धडाधडा उकळायचा. पण रबर पाघळून चुलवाणाच्या तोंडातनं काळी लाळ गळायची. धूर घशात चिकटायचा. भाकरीलाबी कुणाच्या तरी टाचेचा वास. बायको कौसल्या म्हणाली, "कामावनं आलाय का गटारातनं?" आन् त्याचं अंथरूण तिनं पडवीत टाकलं. नव्या गुळाचा खडा त्यानं जिभेवर ठेवला आन् थुंकला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तरी जाळ घालत राहिला. साठीतल्या गड्याला दुसरं काम कोण देतंय?

शुक्रवारी सकाळी विजयसिंहानं मागच्या खोलीतनं राखून ठेवलेल्या चिपाडाच्या मोळ्या काढल्या. वाळलेल्या, पिवळ्याजर्द.

"तात्या, ही काहील घरची. लेकीच्या सासरी ढेपा धाडायच्यात. हिला चिपाडच घाल."

किती दिसांनी वाळल्या उसाचा वास आला. म्हस्कूनं एक मोळी उचलली आन् तशीच खाली ठेवली.

"का वो मालक? काहिलीला काय कळतंय?"

"लोकांचं आन् घरचं एक असतंय व्हय?"

म्हस्कूनं ढिगातला एक बूट उचलला, मालकाच्या डोळ्यांदेखत चुलवाणात लोटला. मागनं दुसरा, तिसरा. वर रसाला कढ आला.

"जाळ तो जाळ," तो म्हणाला, खाकरून काळं थुंकला आन् टॉवेल झटकून घरची वाट धरली. परत त्या चुलवाणाशी तो बसला न्हाय.

विजयसिंहानं त्या काहिलीतला रस काय फेकून दिला न्हाय. लेकीच्या ढेपा तेवढ्या रहित केल्या आन् दुपारी तोच गूळ बाजाराला लावून दिला.