दादांच्या हातून परत गेलेलं घड्याळ

आज लातूरच्या आमच्या दुकानात घडलेलं सांगते. माझे वडील, दादा, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतात. यंदाच्या दुष्काळात गिऱ्हाईक फिरकतच नाही. दुपारी एकजण हिरे जडवलेलं, भलंमोठं परदेशी घड्याळ घेऊन आला.

"किती बेढब!" मी पुटपुटले.

दादांनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बघतच राहिले. "पोरी, आत बघ. लई जबरदस्त कारागिरी हाय."

मग त्यांनी चिमटा उचलला, तर हात थरथरायला लागला. त्यांनी झाकण लावून टाकलं. "माफ करा साहेब, माझ्यानं न्हाई व्हायचं."

हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

गिऱ्हाईक गेल्यावर हत्यारं पुसत ते म्हणाले, "उद्या दुकान उघडू नको."

दुकानाची किल्ली अजून माझ्याच हातात आहे. तुम्ही काय म्हणाला असता?