उभा फोटो

माझ्या डाव्या गालाखालून मानेपर्यंत भाजल्याची खूण आहे. लहानपणी बंबातलं उकळतं पाणी अंगावर सांडलं होतं. तिथली ताणलेली कातडी उजेडात चकाकते. भूममधल्या आमच्या स्टुडिओत आठ वर्षं स्थळासाठीचे पोरींचे फोटो मी काढले, पण माझा फोटो म्हटलं की कॅमेरा माझ्या वडिलांच्या, आप्पांच्याच हातात.

आणि लेन्सवर सीपीएल फिल्टर. हा खरा बाहेरचा गडी. भर उन्हात आभाळ गडद करायचं, गाडीच्या काचेवरची चमक मारायची, एवढंच त्याचं काम. घरात लावला की निम्म्याहून जास्त उजेड खातो. पण त्याची कडी फिरवत एका जागी आणली की माझ्या गालाची चमकही मरते, हे आप्पांना कधीतरी कळलं. झालं! तेव्हापासून मी खिडकीपाशी दम रोखून बसायचं, हलायचं नाही, कारण कमी उजेडात फोटो लगेच हलतो.

ढोकीकडची एक मुलगी यायची. तिच्या कपाळावर टाक्यांची खूण. ती खूणही मी फोटोत अशीच घालवली. पाहुणे घरी आले, खूण बघितली आणि पोह्यांना हात न लावता उठले. दुसऱ्यांदा फोटोला आली तेव्हा म्हणाली, "ताई, या बारीला खूण ऱ्हाऊ द्या." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

म्हणून यंदा जळकोटचं स्थळ आलं तेव्हा मी म्हणाले, "आप्पा, फिल्टर काढा."

"घरातच म्हातारं व्हायचंय का तुला?"

मीच काढायला गेले. निघेना. लग्नसराईतली धूळ आट्यांत जाऊन बसलेली, कडीसुद्धा चमक मारायच्या जागीच जाम. रबर गुंडाळून पिळलं, बोटं सोलली. आप्पा हसले. "बघ, त्याचीबी मर्जी न्हाय." इतका राग आला की लेन्स फरशीवर आपटावी वाटली. बसले मुकाट खिडकीपाशी.

आडवा फोटो झक्क आला. खूण गायब. तेवढ्यात मध्यस्थाचा फोन: पायापासून उभा फोटो पाहिजे, पोरीची उंची दिसली पाहिजे. आप्पांनी घाईत कॅमेरा उभा धरला. कडी जाम असली तरी कॅमेऱ्याबरोबर फिल्टर फिरतोच आणि चमक परत येते. एरवी ते कडी पुन्हा जागेवर आणायचे. आज कडी जाम, आणि घाईत त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं. मी गप्प.

जवळच्या चष्म्याशिवाय त्यांना स्क्रीनवरचं बारीक काही दिसत नाही. मला दिसलं. खूण लख्ख चकाकत होती.

"धाड लवकर," ते म्हणाले. फोटो पाठवायचं काम माझंच. पाठवला. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, हो म्हणायचं तर हो म्हणा, पण बाबांनो, बघून म्हणा!

पाच मिनिटांत मुलाकडच्यांचं उत्तर आलं: 'उंची चांगली आहे. रविवारी येतो.'

खुणेचं नावच नाही. मला राहवेना, आप्पांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले. आता भडकणार, असं वाटलं. पण त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"त्यांनी मोठा करून बघितलाच न्हाय गं," ते म्हणाले. "रविवारी पदर डोक्यावरून घे. डाव्या अंगानं जरा पुढं वढून."