अळीची भिंगुरटी

लेकीने वाढदिवसाला मोबाइलवर चिकटवायचं एक चिमुकलं भिंग दिलं आणि मी कामातून गेले. बिरवाडीतल्या आमच्या घरामागे हातभर बाग आहे. तिथे कढीपत्ता तोडायला गेलेली मी फोडणी जळल्यावरच घरात परतू लागले. शिवथरच्या घळीला गेलो तेव्हा सगळे दर्शनाला आत, आणि मी बाहेर ओल्या दगडावरच्या लाल चतुर किड्याचा फोटो काढत गुडघे टेकून. "हिचा देव बाहेरच बसलाय," असं नवऱ्याने अनोळखी लोकांनाही सांगून टाकलं.

काढलेला फोटो मी कीटकवेड्यांच्या एका ग्रुपवर टाकते. तिथले एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक किड्याचं लॅटिन नाव कळवतात. आमच्या सासूबाईंची पद्धत याहून सुटसुटीत. त्या कुडपणच्या, डोंगरावर वाढलेल्या. त्यांच्या लेखी किड्यांच्या जाती दोनच: चावणारे आणि न चावणारे. मी कितीही रंगात येऊन फोटो दाखवला तरी त्यांचा प्रश्न ठरलेला, "चावतो काय गो?"

भिंगुरटीबद्दल मात्र त्यांनी कधी असं विचारलं नाही. ही बारीक कमरेची, पिवळी-काळी माशी चिखलाचं गाडग्यासारखं घर बांधते, म्हणून तिला कुंभारीणही म्हणतात. लहानपणी त्यांनी कीर्तनात दृष्टान्त ऐकला होता. भिंगुरटी अळीला आणून घरात कोंडते, बाहेर गुणगुणत राहते, आणि तिचाच ध्यास घेऊन अळीची भिंगुरटी होते. सासूबाईंनी तो स्वतःला लावून घेतला होता. "मी अशीच आले कुडपणातनं, अळीसारखी. सासूनं गुणगुण करून करून आपल्यासारखी केली," असं त्या भजनातल्या बायकांना कौतुकाने सांगत. त्यांची स्वतःची गुणगुण म्हणजे 'आमच्यात असं नसतं'. आमटीत लसूण? आमच्यात नसतं. दुपारी झोप? आमच्यात नसतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी ते ऐकून न्हाणीघरात जाऊन रडले आहे. आता लेकीला मीच म्हणते, आपल्यात असं नसतं. तेव्हा दृष्टान्त अगदीच खोटा नव्हे.

यंदा पावसाळा सरता सरता भिंगुरटीने आमच्या पडवीतल्या बंद पडलेल्या स्विचबोर्डावर घर बांधलं. सासूबाई हरखल्या. खुर्ची टाकून समोर बसू लागल्या. हिरव्या अळ्या आत जाताना त्यांनी पाहिल्या, घराचं तोंड लिंपून बंद झालेलं पाहिलं. "जन्मभर ऐकलं, आता डोळ्यांनी बघते," म्हणाल्या. मग रोज सकाळी चहाच्या आधी चौकशी, "झाली काय गो?"

आत काय चाललंय ते मला ग्रुपवरून केव्हाच कळलं होतं. भिंगुरटी नांगी मारून अळ्यांना लुळं करते, आत आपलं अंडं घालते आणि त्यातून निघालेलं पिल्लू त्या ताज्या अळ्या खाऊन वाढतं. बाहेर येते ती भिंगुरटीचीच लेक. पण ज्या गोष्टीवर या बाईने आपला सगळा संसार समजून घेतला, ती या वयात तिच्या हातून कशी काढून घ्यायची? माझी जीभ रेटेना. माशी बाहेर आली की दाखवायची आणि गप्प बसायचं, असं मी ठरवलं.

नेमकी तेव्हाच नवऱ्याला तो बोर्ड दुरुस्त करायची हुक्की आली. वायरमनने स्क्रूड्रायव्हर लावला आणि घराची एक बाजू निखळून पडली. मी ओरडत धावले, पण सवयीने आधी फोटो काढला. सासूबाईंनी हात पुढे केला.

"दाखव."

मी फोटो मोठा करून दिला. लुळ्या पडलेल्या हिरव्या अळ्या, आणि त्यातल्या एकीच्या अंगात तोंड खुपसलेला पांढरा, गुबगुबीत किडा.

"हा कोण?"

"भिंगुरटीचं पिल्लू, आई."

"खातंय तिला?"

"हो."

"म्हंजे अळीची भिंगुरटी नाय होत?"

"नाही."

सासूबाई भिंतीवरच्या आपल्या सासूच्या फोटोकडे बघत बसल्या.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मला नेहमी वाटायचं, मी सासूसारखी झाले, मग कुडपणातली ती पोर गेली कुठं?"

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"मी तुला खाल्लं काय गो?"

"नाही, आई," मी म्हटलं. "थोडं चावलंत."

वायरमन वायरी सोडून आमच्याकडेच बघत होता. सासूबाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग माझा हात धरून म्हणाल्या, "आता भिऊ नको. दातच कुठं ऱ्हायलेत?"