पास झालेला बेडूक

किशोरसेठनी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. पंचवीस-तीस रबरी बेडूक फाइलींवर, फोनवर, माझ्या चहाच्या कपाशेजारी पसरले.

"मॅडम, ये लो आपका माल. मछली आती है, मारती है और निकल जाती है! कस्टमर मेरे को गाली देता है, साईं."

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका खेळण्यांच्या कंपनीत क्वालिटी इन्चार्ज आहे. दाबल्यावर चूं करणारी बदकं, बाहुल्या हा आमचा धंदा. सेठचं उल्हासनगरात मासेमारीच्या सामानाचं दुकान, आणि स्वतःलाही गळ टाकायचं भयंकर वेड. त्यांनीच हे बेडूक आमच्याकडून करून घेतले होते. बेडूक आतून पोकळ. जलपर्णीवरून ओढत आणला की खालची मरळ त्याच्यावर झेप घेते. मागून दोन गळ निघतात, आणि त्यांची टोकं पाठीला चिकटून असतात, म्हणजे ती गवतात अडकत नाहीत. मरळ मात्र अडकायला हवी. ती अडकतच नव्हती.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आठवडा देतो. नाही जमलं तर फ्रॉग लाइन बंद."

फ्रॉग लाइन म्हणजे मोरिवलीच्या आठ बायका. गळ बसवायचे, मागे पायांच्या जागी रबरी झालर ओवायची, हे त्यांचं काम. याच ऑर्डरसाठी त्यांना घेतलं होतं. लाइन बंद म्हणजे आठही जणी घरी.

खरं सांगते, मी आधी चिडले. माझा प्रत्येक लॉट पास होता! ड्युरोमीटर म्हणून एक छोटं यंत्र असतं. त्याची सुई रबरावर टेकवली की रबर किती टणक आहे त्याचा आकडा येतो. सगळे आकडे जॉब कार्डाप्रमाणे, म्हणजे ऑर्डरच्या तपशिलाच्या कागदाप्रमाणे होते. मी रिपोर्टची फाइल घेऊन तरातरा लाइनवर गेले.

तिथे मंदाताई बसल्या होत्या, आठ जणींत सगळ्यात मोठ्या. त्यांनी फाइलकडे बघितलंसुद्धा नाही. एक बेडूक उचलून दोन बोटांत दाबला.

"म्याडम, ह्यो बेडूक हाय का दगड?"

"अहो, टेस्ट झालाय तो."

"माझा बापूस जित्या बेडकावर मरळ धरायचा. मरळ चावत नाय, तोंडात धरून दाबते. ह्यो दबलाच नाय, तं गळ भायेर कसा येल?"

इतके दिवस हे बेडूक त्यांच्या हातातून जात होते आणि मी त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मग आम्ही माशाचं तोंडच बनवलं. जाड ओलं फडकं घडी करून बाकावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, हलकं धरलं. बेडूक घड्यांमध्ये सरकवायचा आणि दोरीनं झटका द्यायचा. गळ फडक्यात रुतला तर पास. दहा झटक्यांत दोनदा रुतला. आठ वेळा बेडूक सुळकन बाहेर!

आता बेडूक टणक का झाला, ते शोधायचं होतं. मी जॉब कार्ड काढलं. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता: कडक. अक्षर माझं.

लगेच सेठना फोन लावला. "सेठ, आपने माल कडक बोला था ना?"

"हां, कडक! मतलब एक नंबर, झकास! पत्थर थोडी मांगा था!"

कपाळावर हात मारून घेतला मी. आमच्याकडे चहा कडक असतो, शर्टाची इस्त्री कडक असते, पिक्चरपण कडक असतो. पण मिक्सिंग खात्यात कडक म्हणजे टणक. तिथल्या माणसानं माझा शेरा वाचून रबर मऊ करणारं तेल कमी केलं होतं आणि कार्डावर टणकपणाचा आकडाही तसाच चढवला होता. मी त्याच कार्डावर बोट ठेवून माल पास करत होते.

साहेबांना जाऊन सांगितलं, "चूक माझी आहे."

"सेठना सांगू?"

"सांगा. पण लाइन बंद करू नका. चूक बायकांची नाहीये."

साहेब म्हणाले, "आधी मासा दाखव."

पहिल्या ट्रायलला तेल वाढवलं, तर बेडूक इतका मऊ झाला की गळाच्या भोकापाशी फाटला, पाणी भरलं आणि बुडाला. दुसऱ्याला तेल थोडं उतरवलं आणि साच्यातलं पातळ रबर लवकर ओतून काढलं, म्हणजे भिंत पातळ राहते. मंदाताईंनी पक्कड घेऊन गळाची टोकं अगदी किंचित बाहेर वळवली. ओल्या फडक्यात दहापैकी आठदा रुतला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी आम्ही बदलापूरच्या पुढे एका तळ्यावर गेलो. सेठ, साहेब, मंदाताई आणि मी. सेठनी बेडूक जलपर्णीवरून टुणटुण ओढत आणला. धप्प! पाणी उडालं. सेठनी त्याच क्षणी काठी उचलली आणि बेडूक रिकामा हवेत उडाला.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"अवो सेठ, काय घाई!" मंदाताई ओरडल्या. "तोंडात तरी घेऊ दे तिला! दोरी वढली का मंग मारा."

पुढच्या वेळी पाणी उडालं तेव्हा सेठ दात-ओठ खात थांबले. दोरी ताणली गेली. मग काठी वर! हाताएवढी मरळ जलपर्णी फाडत काठावर आली, दोन्ही गळ जबड्यात. मी तर चक्क उडी मारली.

सेठनी फोटो काढून मासा परत पाण्यात सोडला. मंदाताईंना हे मुळीच पटलं नाही. "सोडायची व्हती तं धरली कशाला?"

लाइन चालू राहिली. सेठनी पुढची ऑर्डर दिली, आणि आता प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी असते: 'पाणी उडाल्यावर नाही, दोरी ओढल्यावर झटका द्या.' मजकूर मंदाताईंचा, शुद्धलेखन माझं. जॉब कार्डावर आता शब्द चालत नाहीत, फक्त आकडा. आणि त्या आकड्याखाली दोन सह्या लागतात, एक माझी आणि एक मंदाताईंची. यंत्राचा आकडा बरोबर असला तरी त्यांनी बोटांत दाबून मान हलवल्याशिवाय लॉट बाहेर जात नाही. ड्युरोमीटर दर वर्षी तपासायला पाठवावा लागतो. मंदाताईंना अजून पाठवावं लागलेलं नाही.