बाकावरचा सामना

बागेतल्या टेनिस कोर्टाशेजारच्या बाकावर माझ्या ओळखीचे दोन म्हातारे रोज सकाळी दोन टेनिसपटूंवरून वाद घालतात. आपटे डावखुऱ्या विजेत्याच्या बाजूचे, शिंदे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या. मोठा कोण?

काल शिंद्यांच्या लाडक्याने निवृत्ती जाहीर केली. आज आपटे मिरवणार, असं मला वाटलं. पण थर्मासमधला चहा शिंद्यांपुढे धरत ते म्हणाले, "तुझाच मोठा होता रे."

शिंदे उसळले. "काहीतरीच काय! तुझ्या डावखुऱ्याने घाम काढला, म्हणून माझा एवढा खेळला!"

आवाज पुन्हा चढले. फक्त बाजू बदलल्या होत्या. आपल्याला मोठं करणारं माणूस जाळीच्या पलीकडेच उभं असतं की काय!

कोर्टावर नुकतीच हरलेली मुलगी जिंकलेलीला दरडावत होती, "उद्या ये हं. दांडी मारायची नाही!"