वळणावरचं स्टूल

दत्ताराम परब दमण्याआधी बसायचा. आमच्या लालबागच्या चाळीत दमल्यावर बसणारे पुष्कळ होते, न दमता बसून राहणारे त्याहून जास्त. पण अंगात बळ असताना, अजून चार पावलं सहज टाकता येत असताना मुद्दाम थांबून बसणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझा मित्र होता. त्याच्या मरणाबद्दल मी चाळीला जे सांगितलं, ते खरं नव्हतं. मला आता चौऱ्याहत्तरावं लागलं आहे. यापुढे थांबण्यात अर्थ नाही.

दत्तू मूळचा मालवणकडचा. गिरणी होती तोवर साच्यावर, म्हणजे मागावर, नंतर एका दवाखान्यात शिपाई. लोखंडी कपाट पाठीवर घेऊन एकटा जिना चढायचा. कोणी हात लावायला गेलं तर म्हणायचा, "बाजूक हो, नायतर माका तुका पण उचलूचा लागात." अशा माणसाकडे आमच्या गणपतीचा मान येणारच. चाळीचा गणपती पहिल्या मजल्यावरच्या मधल्या खोलीत बसतो. विसर्जनाला तो एकट्यानं खाली आणायचा. मूर्तीचं तोंड बिऱ्हाडांकडे हवं, म्हणजे उचलणाऱ्याच्या छातीकडे. मूर्ती अशी छातीशी धरल्यानं त्याला पायऱ्या दिसत नाहीत. बावीस पायऱ्या मोजत उतरायचं, जिन्यात देवाच्या पुढे कोणी चालायचं नाही आणि अंगणात पोहोचेपर्यंत मूर्ती कुठेही टेकवायची नाही. दत्तूनं हे एकोणीस वर्षं केलं.

मग एका सकाळी नळावर तोंड धुताना तो म्हणाला, "डोक्यात कायतरी फुटला." आणि बादलीशेजारी बसला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दीड महिन्यानं घरी आला तेव्हा डावा हात छातीशी मुडपलेला, डावा पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

त्याला व्यायाम शिकवायला एक मुलगी येई. तिनं त्याला एकच मंत्र दिला आणि दत्तूनं तो चाळभर वाटला. मला म्हणायचा, "वश्या, दमाच्या आधी बसाचा. दमल्यावर बसलंस तर उशीर झालो." आंघोळ बसून, दाढी बसून, लसूण सोलणं हा हाताचा व्यायाम, तोही बसून. रोज सकाळी चालायचा. आधी चाळीच्या फाटकापर्यंत, मग मसाला कुटणाऱ्या डंकापर्यंत. डंकाजवळ मिरचीची शिंक आली की परत फिरायचं, हे त्याचं माप. "दोन शिंका खाऊन इलंय," असं तो ऐटीत सांगायचा, म्हणजे त्या दिवशी डंकाच्याही पुढे गेलेला असायचा.

वर्षभरात हात सुटला, बोलणं स्वच्छ झालं. तिथेच घोटाळा झाला. तो आम्हाला बरा दिसू लागला. पण बोलता बोलता मधेच डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बत्ती गेली." मग अर्धा तास शब्द नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून जायचा. गोंगाटानं थकवा येतो म्हणायचा. थकला की डावं पाऊल जमिनीला घासू लागे. खर्र, खर्र. तो आवाज मी ओळखायला लागलो होतो. डाव्या पोटरीला स्पर्श मात्र कधीच नीट परत आला नाही. तिथे गरम तवा लागला तरी कळायचं नाही, म्हणून सुनंदावहिनी, त्याची बायको, त्याला स्वयंपाकघरात फिरकू देत नसे.

जिन्याच्या मधल्या वळणावर त्यानं एक हिरवं लाकडी स्टूल ठेवलं होतं, कठड्याच्या खांबाला सुतळीनं बांधून. अकरा पायऱ्या, स्टूल, अकरा पायऱ्या. येता-जाता तो त्यावर टेके. मी चाळ कमिटीचा सेक्रेटरी. मी त्याला डिवचायचो, "काय रे, संस्थानिक? सिंहासन सोडवत नाही वाटतं?" तो हसायचा. एकदा मात्र हसला नाही. म्हणाला, "माका काय होता ता भायरसून दिसणा नाय, वश्या. दिसला असता तर तू असा बोललो नसतंस."

मला खरोखर वाटत होतं, की हे सगळं त्याच्या मनाचं आहे. सवय लागली आहे. जोर करून सवय मोडली, की जुना दत्तू उठून उभा राहील. मला जुना दत्तू हवा होता. आजारपणाच्या वर्षी मूर्ती दुसऱ्यानं उतरवली. दुसऱ्या वर्षीच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दत्ताराम, मान सोडायचा असेल तर लेखी दे. कमिटीला कळायला हवं." लोक हसले. दत्तू उठला आणि म्हणाला, "उतरयतंय मी."

वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली. शेवटी तिनं नवऱ्याकडून शब्द घेतला, की वळणावर बसायचं म्हणजे बसायचं. ते सांगायला तो विसर्जनाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला. मी म्हणालो, "मूर्ती मधे टेकवत नाहीत." तो म्हणाला, "टेकवतलो कोण? मांडयेर घेतंय. देव माझ्या मांडयेर बसलो तर काय बाटतलो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ताशे आले. सगळे वर आरतीत होते. मी वळणावर गेलो, सुतळी सोडली आणि स्टूल माझ्या खोलीत नेऊन पलंगाखाली सरकवलं. वाट मोकळी हवी, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण हे, की स्टूल नसलं तर तो बसणार नाही, सरळ उतरेल, आणि मग त्यालाच कळेल की त्याला काही झालेलं नाही. त्याला सांगावं असं एकदा मनात आलं. तोवर आरती संपली होती आणि माणसं अंगणात उतरू लागली होती.

मी जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिलो; वळण तिथूनच दिसतं, अंगणातून नाही. रिवाजाप्रमाणे ताशे थांबले. वरून त्याचं मोजणं ऐकू येत होतं. पाच. सहा. सातला पहिल्यांदा तो आवाज आला. खर्र. आठ. खर्र. अनवाणी पाऊल लाकडावर घासत होतं. तेव्हा ओरडायला हवं होतं, "दत्तू, स्टूल नाही रे." चार शब्द. पण अंगणात दीडशे माणसं हात जोडून उभी होती आणि स्टूल कुठे गेलं, हे मला त्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं.

अकरा, असं म्हणत तो वळणावर आला. घामानं निथळत होता. पण चेहऱ्यावर भीती नव्हती. पोहोचल्याचं समाधान होतं. त्यानं रोजच्यासारखी कोपऱ्याकडे पाठ केली, रोजच्यासारखी डावी पोटरी मागे नेली. ती कठड्याच्या खांबाला लागली. त्या मुक्या पोटरीला खांब काय आणि स्टूल काय. मूर्ती छातीशी आवळून तो निर्धास्तपणे बसला.

डोकं वळणावरच्या खिडकीच्या दगडी कडेवर आपटलं. मूर्ती मांडीत होती, तिला ओरखडाही नव्हता. दत्तू शुद्धीवर न येता तिसऱ्या दिवशी गेला.

मागून येणाऱ्यांना वाटलं, पाय घसरला. खांबाला सुतळीचं टोक लोंबत होतं. ते पाहून शोकसभेत मी म्हणालो, "स्वाभिमानी माणूस. देवाचं काम करताना बसायचं नाही, म्हणून स्वतःच्या हातानं स्टूल काढून टाकलं असणार." लोकांनी माना डोलावल्या. देवाला मांडीवर घेऊन गेला, म्हणाले. चाळीत आजही तसंच सांगतात.

वहिनीनंही ते खरं मानलं. तिनं त्याच्या फोटोला कधी हार घातला नाही. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायची, "मला शब्द दिला होता. माझ्याशी खोटं बोलून गेले." सहा वर्षं हे वाक्य भिंतीपलीकडून माझ्या कानावर येत राहिलं.

काल सकाळी हे सगळं लिहून झाल्यावर मी पलंगाखालून स्टूल काढलं, पुसलं आणि तिच्या दारात गेलो. उभ्यानंच वाचून दाखवलं. संपल्यावर तिनं स्टुलावर हात ठेवला.

"म्हणजे ते बसले होते," ती म्हणाली.

"हो, वहिनी. तो बसला होता."

तिनं स्टूल आत घेतलं, फोटोखाली ठेवलं, पदरानं फोटोची काच पुसली. मग दाराशी आली. "आता तुम्ही जा, भावोजी," म्हणाली. "पुन्हा या दारात येऊ नका."

मला खाली जायचं होतं. अकरा पायऱ्या उतरलो आणि वळणावर माझे पाय भरून आले, छातीत धाप लागली. मी कोपऱ्याकडे पाहिलं. बसायला तिथे काही नव्हतं.