आधी ज्याच्या नावाचा निरोप

दादा गेल्याचं वहिनींनी फोनवर लिहूनच कळवलं. फोन करून बोलायची सवय आमच्या घरात फारशी नव्हतीच... लहानपणीच्या तापानंतर दादाला ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ वाचून तो बोलायचा, आणि बोलायचा तेही लई मोठ्यानं. आता दीड महिना होत आला. घर इतकं गप्प का, असं अजून मनात येतं आणि मग आठवतं.

नव्वदच्या दशकात आमचं शहर गारखेड्यापलीकडची शेतं गिळत चाललं होतं. तेव्हा दादानं घरच्या फोनला कॉम्प्युटर जोडून बुलेटिन बोर्ड सुरू केला. लोक आपल्या कॉम्प्युटरवरून फोन लावायचे, निरोप लिहून ठेवायचे, इतरांचे वाचायचे. ज्याला फोनचा कधी उपयोग नव्हता, त्याच्या घरी दिवसभर फोन येऊ लागले. "आता म्हणा मला बहिरा," म्हणायचा. मी वाळूजच्या एका कारखान्यात होते. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून त्याच्याशी भांडायचे, तेही लिहून.

बोर्ड उघडला की मागच्या वेळेनंतरचे नवे निरोप एकामागून एक समोर यायचे. त्याला न्यू स्कॅन म्हणत. दुष्काळ पडला तसा दादानं त्यात पाण्याचा विभाग सगळ्यांत वर घेतला. कुठं टँकर आला, कुठं नळ सुटला, ते आधी. लोकांची मोठी सोय झाली.

त्याच उन्हाळ्यात आई पैठणला मावशीकडं होती. दुपारी मावशीचा मला फोन आला, आईचं काही खरं नाही. वहिनी माहेरी गंगापूरला, घरात फोन ऐकणारं कुणी नाही. मी बोर्डावर लिहिलं, "दादा, मिळेल त्या गाडीनं पैठणला ये," आणि निघाले. तो स्क्रीनसमोरच होता. पण वर टँकरवाल्यांचे निरोप. एकेकाला उत्तर देत तो खाली माझ्या निरोपापर्यंत आला, तोवर शेवटची एसटी गेली होती.

सकाळी तो पोचला तेव्हा आईचे डोळे उघडे होते, ओठ मात्र हलत नव्हते. दादा तिच्या तोंडाकडं बघत बसला. संध्याकाळी ती गेली.

"काही म्हणाली?" त्यानं नंतर विचारलं.

"सुधा जेवला का, म्हणाली." दादाला ती सुधाच म्हणायची.

"कसं म्हणाली, दाखव."

मी आवाज न करता, आईसारखेच सावकाश ओठ हलवले. त्यानं मला ते पुन्हा करायला लावलं.

परत आल्यावर त्यानं स्कॅन बदलला. ज्याच्या नावाचा निरोप, तो त्याला सगळ्यांत आधी, पाणी त्यानंतर. काहींनी कुरकूर केली. "टँकर हुकला तर शिव्या मला द्या," एवढंच त्यानं लिहिलं. पुढं बोर्ड बंद होईस्तोवर ते तसंच राहिलं.

परवा दिवेलागणीला वहिनी आणि मी त्याच्या खोलीत बोलत बसलो होतो. अंधारून आलं तशा त्या नेहमीसारख्या उठल्या, ओठ दिसावेत म्हणून दिवा लावायला. बटणापाशी जाऊन थांबल्या. वळून माझ्याकडं बघेनात.

"लावा, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी लावला. मग कितीतरी वेळ आम्ही दोघी एकमेकींकडं तोंड करून, सावकाश बोलत राहिलो.